रिमॅपनंतर वारंवार घसरणारा डीसीटी क्लच: दोष ट्यूनचा, क्लचचा की तिसऱ्याच कशाचा?

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. टर्बो पेट्रोल गाडी, डीसीटी म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित (ड्युअल क्लच) गिअरबॉक्स, आणि त्यावर स्टेज १ ट्यून, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणारा रिमॅप. सुरुवातीला गाडी मस्त पळते. मग एक दिवस चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबलं की आरपीएमचा काटा उसळतो, पण वेग त्या मानाने वाढत नाही. स्कॅनर लावून गिअरबॉक्सचं अ‍ॅडॅप्टेशन (त्याने शिकून ठेवलेली क्लचची जुळणी) रिसेट केलं की काही दिवस सगळं ठीक, आणि नंतर पुन्हा तेच. दुसऱ्या कंपनीचा ट्यून टाकला तरी थोड्या दिवसांनी तीच रड. शेवटी कोणी क्लच बदलायला सांगतो, कोणी मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्सचा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक नियंत्रण संच), तर कोणी म्हणतो हे गिअरबॉक्स मुळातच नाजूक.

क्लच बदलायच्या आधी थांबा. डीसीटी गाडीसाठी ट्यून निवडताना लोक कमाल पीएसचे (ताकदीचे, म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवरचे) आकडे शेजारी ठेवून तुलना करतात, आणि हा त्रास बहुतांशी तिथूनच सुरू होतो. या गाड्यांत आधी दोन गोष्टी बघायच्या: ट्यून गिअरबॉक्सला टॉर्कचा (इंजिनच्या फिरवणाऱ्या जोराचा) खरा आकडा कळवतो का, आणि तो वाढलेला टॉर्क कोणत्या आरपीएमला येतो. पीएसचा नंबर त्यानंतर.

क्लच घसरतो तो का

ड्युअल क्लच गिअरबॉक्सला इंजिन किती जोर लावतंय हे मोजणारा सेन्सर नसतो. इंजिनचा ईसीयू, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, हवेचं प्रमाण, इग्निशनचं टायमिंग वगैरेंवरून टॉर्कचा हिशेब करतो आणि तो आकडा कॅन बसवरून (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या वायरिंगवरून) टीसीयूला, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला, पाठवतो. टीसीयू त्या आकड्यावर थोडा जादा वाव धरून क्लच किती घट्ट दाबायचा ते ठरवतो. म्हणजे पकड ठरते ती कळवलेल्या टॉर्कवर. तीस किलोचं सांगून पन्नास किलोचं पोतं हातात दिलं तर पकड कमी पडणारच, तसं इथे होतं.

या आकड्याचं काय होतं यावर ट्यूनचे तीन प्रकार पडतात, आणि प्रत्येकाचं लक्षण वेगळं असतं.

पहिला प्रकार म्हणजे टॉर्कचं मॉडेल नीट जुळवून घेतलेली फाइल. बूस्ट (टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब) वाढवला तसा हिशेबही वाढवलेला असतो, त्यामुळे टीसीयूला खरा आकडा जातो. इथे क्लच सहसा घसरत नाही. उलट टीसीयूची स्वतःची टॉर्कमर्यादा आड येते आणि तो ईसीयूला टॉर्क कमी करायला लावतो. गाडी चालवताना हे जाणवतं ते असं: खेच येता येता मध्येच सपाट होते, थ्रॉटल आपोआप थोडा मिटतो, एखाद्या गिअरमध्ये गाडी जास्त खेचते आणि दुसऱ्यात कमी. लॉगमध्ये (स्कॅनरने चालत्या गाडीत नोंदलेल्या आकड्यांत) टॉर्कची रेघ एका आकड्यावर आडवी पडलेली दिसते. याला बिघाड म्हणू नका, ही मर्यादा आहे. तिच्यावर उपाय दोनच: गिअरबॉक्सचा वेगळा ट्यून, किंवा त्या मर्यादेत बसणारी इंजिनची फाइल.

दुसरा प्रकार म्हणजे टीसीयूने तक्रार करू नये म्हणून कळवायचा टॉर्क मुद्दाम कमी दाखवलेली फाइल. ही चालवायला फार छान वाटते, कारण अडवणारं कोणीच नसतं. क्लच घसरण्याच्या ज्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात त्यांच्या मुळाशी मला हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो.

तिसरा पिगीबॅक बॉक्स. तो ईसीयूच्या आतली फाइल बदलत नाही, बूस्ट सेन्सरचा सिग्नल मध्येच पकडून खरा आहे त्यापेक्षा कमी करून पुढे देतो. बूस्ट कमी पडतोय असं समजून ईसीयू तो वाढवतो. बॉक्स काढला की मागे काही राहत नाही, म्हणून लोकांना तो आवडतो. पण ज्या इंजिनात हवेचं मोजमापच या प्रेशर सेन्सरवरून होतं, तिथे टॉर्कचा हिशेबही कमी येतो आणि क्लचची पकड त्यामागोमाग कमी राहते. शिवाय इंधनाचा हिशेबही चुकतो. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात सतत करत असलेली दुरुस्ती) अधिकच्या बाजूला सरकलेली दिसली तर ही त्याचीच खूण. काही महागडे बॉक्स कॅन बसवरचे आकडे वाचून हे थोडंफार सांभाळतात, तरी बॉक्स घेताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता रिसेटने काही दिवस बरं का वाटतं? क्लच कुठे पकडतो, किती दाबावर किती टॉर्क झेलतो, हे टीसीयू सतत शिकत असतो. रिसेट केलं की तो शिकलेलं विसरून मूळ आकड्यांपासून सुरुवात करतो, शिफ्ट गुळगुळीत होतात आणि वाटतं प्रश्न सुटला. खोटा टॉर्क मात्र जिथल्या तिथेच असतो. दरम्यान प्रत्येक घसरणीत क्लच तापतो, आणि कोरड्या क्लचची प्लेट एकदा चकाकून गुळगुळीत झाली की रिसेटने तिची पकड परत येत नाही.

गिअरबॉक्स कोणता, हे आधी

ट्यूनची चौकशी करण्याआधी आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे ते नक्की करा. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांचं उदाहरण घेतो, कारण रिमॅपच्या बऱ्याच गाड्या त्यांच्याच असतात. ७ गिअरचा डीक्यू२०० हा कोरड्या क्लचचा, क्षमता २५० न्यूटन-मीटर (हे टॉर्कचं एकक). ६ गिअरचा डीक्यू२५० ओल्या क्लचचा, म्हणजे क्लच तेलात बुडालेला, क्षमता ३५० न्यूटन-मीटर. ७ गिअरचा डीक्यू५०० हाही ओल्या क्लचचा, क्षमता ६०० न्यूटन-मीटर.

१.५ टीएसआय इंजिन मुळातच २५० न्यूटन-मीटर देतं, आणि ते अनेक गाड्यांत डीक्यू२००शी जोडलेलं असतं. कागदावर एक न्यूटन-मीटरचीही जागा शिल्लक नाही. १.० टीएसआय मुळात १७५ ते २०० न्यूटन-मीटरच्या घरात असल्यामुळे तिथे थोडी मोकळीक मिळते. म्हणून ‘स्टेज १ सुरक्षित असतो’ हे विधान इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जोडी सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. ‘स्टेज’ या शब्दाला कुठलं प्रमाणही नाही. सर्वसाधारणपणे स्टेज १ म्हणजे फक्त सॉफ्टवेअर आणि स्टेज २ म्हणजे सोबत डाउनपाइप (टर्बोपासून निघणारा एक्झॉस्टचा पाइप) वगैरे, पण प्रत्येक ट्यूनर आपापली व्याख्या करतो. रस्त्यावरच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं पुष्कळ देशांत बेकायदा आहे, तेही स्टेज २ चा विचार करताना ध्यानात असू द्या.

घसरण आहे याची खात्री

पुष्कळदा क्लचचा दोष समजून ज्याचा उपचार होतो तो असतो मिसफायर, म्हणजे सिलेंडरमधलं मिश्रण नीट न पेटणं. दोन्हींत पूर्ण पेडलला गाडी अडखळते, पण नीट पाहिलं तर फरक कळतो. क्लच घसरला की आरपीएम मोकळा सुटल्यासारखा वर जातो आणि आवाज चढतो, तर मिसफायरमध्ये आरपीएम चढत नाही, इंजिन थरथरतं, गचके देतं. बूस्ट वाढवला की स्पार्क प्लगच्या फटीत ठिणगी विझण्याची शक्यता वाढते. फोक्सवॅगन समूहाच्या ट्यून केलेल्या ईए८८८ टर्बो पेट्रोल इंजिनात प्लगची फट साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवतात, आणि ट्यूनर सांगेल तसा एक पायरी थंड प्लग घालतात. प्लग जुने असतील तर आधी बदला. गिअरबॉक्स उघडण्याच्या तुलनेत हे काम अगदी किरकोळ आहे. सोबत स्कॅनरवर प्रत्येक सिलेंडरचा मिसफायर काउंट पाहा.

बाकीच्या शक्यता स्कॅनरवरच्या दोष-कोडांवरून भराभर तपासून घ्या. पी०२९९ म्हणजे बूस्ट मागितल्यापेक्षा कमी, बहुधा पाइप किंवा क्लॅम्प सुटलेला. पी०२३४ म्हणजे बूस्ट मर्यादेबाहेर. पी००८७ म्हणजे फ्युएल रेलचा दाब पडतोय, पंपाला ट्यूनची मागणी झेपत नाही. यातल्या कुठल्याही कोडने गाडी लिंप मोडला (बचावासाठी ताकद घटवून चालण्याच्या स्थितीत) जाऊ शकते आणि बिचाऱ्या गिअरबॉक्सवर आळ येतो. डीक्यू२०० मध्ये पी१७बीएफ आला तर मेकॅट्रॉनिकमधल्या हायड्रॉलिक दाबाचा प्रश्न आहे, ट्यून न केलेल्या गाड्यांतही तो येतो, ट्यूनच्या फाइलमध्ये त्याचं उत्तर शोधू नका. आणि एक कळकळीची विनंती: कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमसकट (दोष आला त्या क्षणीच्या आकड्यांसकट) जतन करा. पुसलेल्या कोडबरोबर कुठला गिअर, किती तापमान, किती लोड ही सगळी माहिती जाते आणि पुढचा माणूस अंधारात चाचपडतो.

सावकाश चालताना, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच थरथरत असेल तर ते प्रकरण वेगळं. त्या वेळी इंजिनचा टॉर्क फार कमी असतो, त्यामुळे कमाल टॉर्कशी संबंध नाही. कोरड्या क्लचची झीज किंवा उष्णता हे त्याचं नेहमीचं कारण. ट्यूनचा हात असलाच तर पेडलच्या नकाशात असतो. गाडी चपळ भासावी म्हणून काही फाइली तेवढ्याच पेडलला जास्त टॉर्क मागतात आणि रांगत्या वाहतुकीत क्लच अर्धवट पकडीवर तापत राहतो. पेडलचा पहिला तीसेक टक्के भाग कंपनीच्या मूळ नकाशासारखा ठेवायला ट्यूनरला सांगा. चांगला ट्यूनर हे आनंदाने करून देतो.

लॉग घ्यायचा तो असा

ही चाचणी डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर करायची, रहदारीच्या रस्त्यावर नाही. गिअरबॉक्स नीट गरम होऊ द्या. मॅन्युअल मोडमध्ये चौथा गिअर धरा, २,००० आरपीएमच्या आसपास पेडल दाबा, पण तळाच्या किकडाउनच्या खटक्यापर्यंत नेऊ नका, नाहीतर गिअर खाली येईल. मग हेच पाचव्यात.

लॉगमध्ये मोजकेच रकाने ठेवा: इंजिनचा आरपीएम, दोन्ही इनपुट शाफ्टचे (प्रत्येक क्लच फिरवतो त्या गिअरबॉक्सच्या दांड्यांचे) आरपीएम, गिअर, ईसीयूने कळवलेला टॉर्क, क्लचचा दाब, क्लचचं तापमान, खरा बूस्ट. वीस रकाने लावले तर ओबीडीवरून (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटवरून) येणारे आकडे इतके विरळ होतात की अर्ध्या सेकंदाची घसरण दोन ओळींच्या मध्ये हरवून जाते.

वाचायचा तो इंजिन आणि चालू शाफ्ट यांच्यातला फरक. समजा, २,४०० आरपीएमला इंजिन शाफ्टच्या दहा-वीसने पुढे आहे. ओल्या क्लचमध्ये एवढी घसरण टीसीयू स्वतःच ठेवतो, काळजी नको. पुढे बूस्ट शिखरावर येतो तेव्हा शाफ्ट २,७०० वर आणि इंजिन २,९५० वर. बूस्ट ओसरला की दोन्ही पुन्हा एक. ही खरी घसरण. त्या क्षणी ‘कळवलेला टॉर्क’ या रकान्यात काय आहे ते पाहा. गाडी डायनोवर ३२० न्यूटन-मीटर देतेय आणि रकान्यात आकडा २४५ वर आडवा बसलाय, असं दिसलं तर दोषी ट्यून आहे, पुढे शोधायची गरज नाही. कळवलेला आकडा खऱ्याच्या जवळ आहे, दाबही त्या मानाने चढलाय आणि तरी घसरतंय, तर मग प्लेट, तेल किंवा हायड्रॉलिक्स.

कोणत्या गिअरमध्ये घसरतं हेही बोलकं असतं. दोन क्लचपैकी के१ विषम गिअर सांभाळतो, के२ सम. चौथा आणि सहावा घसरतो पण तिसरा-पाचवा घट्ट, तर के२ ची तब्येत बिघडली आहे. सगळेच गिअर सारखे घसरत असतील तर एकट्या प्लेटपेक्षा टॉर्कचा आकडा किंवा मूळ दाब यांवर संशय घ्या.

यानंतरची सर्वांत निर्णायक पायरी म्हणजे कंपनीची मूळ फाइल टाकून तीच चाचणी तशीच पुन्हा घेणं. मूळ फाइलवरही घसरतो तर झीज झालेलीच आहे, ट्यून बदलून काही होणार नाही. मूळ फाइलवर ठणठणीत आणि ट्यूनवर घसरतो, तर ट्यून बदला, क्लच नको. या वेळी एका दिवशी एकच बदल करा. फाइल, रिसेट आणि तेल एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही, आणि महिन्याभराने पुन्हा त्याच जागी येतो.

तेलाबद्दल दोन शब्द. डीक्यू२५० मध्ये गिअरबॉक्सचं तेल आणि क्लचचं तेल एकच, आणि ते फिल्टरसकट ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. ट्यून केलेल्या गाडीत त्याआधी बदललेलं बरं. पातळी तेलाचं तापमान ३५ ते ४५ अंश असताना तपासतात, थंड किंवा उकळत्या गिअरबॉक्सवर घेतलेली पातळी चुकते. जळका वास आणि काळपट रंग आला तर लॉगच्या आधीच उत्तर मिळालं. डीक्यू२०० मध्ये मात्र क्लच कोरडा. गिअरचं तेल क्लचला लागतच नाही, त्यामुळे ते बदलून घसरण थांबेल अशी आशा धरू नका.

मग ट्यून कोणता निवडायचा

इथे थोडं गणित करू, कारण यात फार मोठा गैरसमज आहे. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. न्यूटन-मीटर आणि आरपीएमचा गुणाकार ९,५४९ ने भागला की किलोवॅट मिळतात. एका फाइलने १,८०० आरपीएमला ३०० न्यूटन-मीटर दिले: साधारण ५७ किलोवॅट, ७७ पीएस. पाठीला धक्का जबरदस्त बसतो, ताकद मात्र एवढीच. दुसऱ्या फाइलने टॉर्क २५० वरच ठेवला, पण तो ५,००० आरपीएमपर्यंत पडू दिला नाही: १३१ किलोवॅट, १७८ पीएस. १५० पीएसचं मूळ १.५ टीएसआय इंजिन ५,००० ला २१० न्यूटन-मीटरच्या आसपास असतं. म्हणजे टर्बोची कुवत असेल तर क्लचच्या क्षमतेबाहेर एक न्यूटन-मीटरही न जाता वरच्या आरपीएमला खरीखुरी ताकद वाढवता येते.

खालच्या आरपीएमचा टॉर्कचा डोंगर क्लचला सर्वांत जड जातोच, शिवाय छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात एलएसपीआयचा धोका असतो. कमी आरपीएम आणि जास्त लोड असताना ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं, आणि एखादा जोरदार झटका पिस्टन फोडू शकतो. इंजिन ऑइलची एपीआय एसएन प्लस ही श्रेणी २०१८ साली आणि एसपी ही २०२० साली आली ती या त्रासाची दखल घेऊनच. ट्यून केलेल्या गाडीत, कंपनीने सांगितलेलं मानक सांभाळून, त्या श्रेणीचं तेल वापरा.

म्हणून एपीआर, युनिट्रॉनिक, रेव्हो, कॉब असं कोणत्याही ट्यूनर कंपनीचं नाव समोर असो, डायनोचा आलेख मागवला की आधी शिखर पाहू नका. २,५०० आरपीएमच्या खाली टॉर्कची चढण किती उभी आहे आणि ५,००० नंतर उतार किती आहे, ते पाहा. कोरड्या क्लचच्या गाडीसाठी मी बिनदिक्कत सावकाश चढणारा आलेख निवडेन, मग शिखर वीस पीएसने कमी असलं तरी चालेल. ओल्या क्लचच्या गाडीत वाव जास्त असतो, पण तिथे इंजिनची फाइल आणि टीसीयूची फाइल एकाच ट्यूनरकडून, एकमेकींशी जुळवलेली घ्या. टीसीयूच्या ट्यूनमध्ये टॉर्कमर्यादा आणि क्लचचा दाब वाढवतात, शिफ्टचे आरपीएमही बदलतात. त्यातला निव्वळ झटपट शिफ्टचा भाग घेऊन दाबाचा भाग सोडला असेल तर त्या फाइलने घसरण थांबणार नाही.

ट्यूनरला स्पष्ट विचारा: कळवलेला टॉर्क खऱ्याशी जुळवला आहे का? प्रत्येक गिअरसाठी वेगळी टॉर्कमर्यादा देता का? फाइल कोणत्या ऑक्टेनसाठी आहे, आणि तो आकडा आरओएनमध्ये आहे की एकेआयमध्ये (ऑक्टेन मोजायच्या या दोन पद्धती)? एकेआयचे ९१ म्हणजे आरओएनचे साधारण ९५ ते ९६, त्यामुळे नुसता ‘९१’ म्हटल्याने गोंधळ होतो. पेट्रोल फाइलपेक्षा हलकं पडलं की नॉक (सिलेंडरमध्ये मिश्रणाचा अवेळी स्फोट) होतो, ईसीयू टायमिंग मागे खेचतो, खेच गिअरागणिक बदलते आणि पुन्हा संशय क्लचवरच. लाँच कंट्रोल कोरड्या क्लचवर बंदच ठेवायला सांगा.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीयू किंवा टीसीयूचं अपडेट झालं तर ट्यून पुसला जातो, किंवा एकाची फाइल नवी आणि दुसऱ्याची जुनी अशी विजोड जोडी तयार होते. सर्व्हिसिंगनंतर अचानक झटके सुरू झाले तर दोन्हींचे सॉफ्टवेअर आकडे आधीच्या नोंदीशी ताडून पाहा. फोक्सवॅगन समूहात बदललेला ईसीयू सापडला की टीडी१ अशी नोंद होते आणि वॉरंटीचे दावे नाकारले जाऊ शकतात, हे ट्यून टाकण्याआधीच माहीत असावं.

क्लच बदलण्यापर्यंत गोष्ट गेलीच, तर नवा संच बसल्यावर आधी कंपनीची मूळ फाइल टाका, स्कॅनरने बेसिक सेटिंग करा, आणि ठरलेली अ‍ॅडॅप्टेशनची फेरी शांतपणे पूर्ण करा. नव्या प्लेटला बसायला काही शे किलोमीटर सौम्य चालवणं द्या. त्यानंतर मूळ फाइलवरचा लॉग घेऊन जपून ठेवा. जुना ट्यून जसाच्या तसा परत टाकू नका. कळवलेला टॉर्क दुरुस्त केलेली फाइल हातात आल्यावरच टाका, आणि चौथ्या-पाचव्या गिअरचा लॉग त्या मूळ लॉगशेजारी ठेवून इंजिन आणि शाफ्टमधला फरक जुळतोय का ते बघा.